इव्हान्स गॅम्बिट कसा खेळायचा: प्यादं द्या, वेळ घ्या

प्यादं फुकट द्यायचं म्हटलं की बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो आणि ते साहजिक आहे, कारण शिकायला लागल्यापासून आपल्याला हेच सांगितलेलं असतं की मोहरे जपा, एक प्यादं जास्त असलं की एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, जिंकता येतो. ते खरंच आहे. पण बुद्धिबळात मोहऱ्यांइतकीच किंमत असलेली अजून एक गोष्ट असते ती म्हणजे वेळ, आणि गॅम्बिट म्हणजे सरळ सरळ प्यादं देऊन वेळ विकत घेणं. हा वेळ टिकत नाही, पाच-सहा चालींत वापरला नाही तर संपतो आणि हातात फक्त एक प्यादं कमी उरतं. ही एक गोष्ट डोक्यात बसली की गॅम्बिट खेळता येतो, नाहीतर कितीही चाली पाठ करा, उपयोग नाही.

मी इथे इव्हान्स गॅम्बिटबद्दल लिहितोय कारण आक्रमक ओपनिंग शिकायचं असेल तर माझ्या मते याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. किंग्ज गॅम्बिटमध्ये आपण स्वतःच्याच राजासमोरचं एफ प्यादं देतो, त्यामुळे आपलाही राजा उघडा पडतो. इव्हान्समध्ये जातं ते बी प्यादं, पार दुसऱ्या बाजूचं, आपला राजा लगेच कॅसल होऊन (किल्लेकोट करून) निवांत बसतो आणि सगळी काळजी काळ्याला.

सुरुवातीच्या चाली अशा (आपण पांढरे; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची, × म्हणजे मारणं, आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल, आणि घोडा बीडी२ म्हणजे बी रांगेतला घोडा डी२ वर):

१. ई४ ई५
२. घोडा एफ३, घोडा सी६
३. उंट सी४, उंट सी५
४. बी४

तिसऱ्या चालीपर्यंत ही साधी इटालियन ओपनिंग आहे, सगळ्यांना माहीत असलेली. चौथ्या चालीला आपण बी प्यादं थेट उंटाच्या तोंडात देतो. ही कल्पना विल्यम डेव्हिस इव्हान्स नावाच्या वेल्सच्या एका जहाजाच्या कप्तानाची, १८२० च्या दशकातली, आणि १८३४ मध्ये मॅकडॉनेल आणि ला बुर्दोने यांच्या सामन्यांत ती गाजली. जवळजवळ दोनशे वर्षं झाली तरी ती अजून मोडीत निघालेली नाही. बुद्धिबळाच्या कॉम्प्युटर इंजिनला विचाराल तर ते साधारण बरोबरी दाखवतं, म्हणजे एक प्यादं कमी असूनही बरोबरी, त्यावरूनच कळतं की त्या प्याद्याच्या बदल्यात काहीतरी मिळालंय.

काय मिळालंय ते नीट बघा. काळ्याने ४... उंट×बी४ केलं की आपण ५. सी३ खेळतो, उंटावर हल्ला आहे म्हणून त्याला हलावंच लागतं, म्हणजे सी३ ही चाल आपल्याला फुकटात मिळाली. पुढच्या चालीला डी४. मध्यभागी आपली दोन प्यादी उभी राहतात. त्यात बी प्यादं गेल्यामुळे वजिराला बी३ चं घर मिळतं, तिथून तो आणि सी४ चा उंट दोघं मिळून एफ७ वर बघतात, आणि एफ७ ही सुरुवातीला काळ्याची सगळ्यात कच्ची जागा, कारण तिला फक्त राजाचा आधार असतो. आणि ज्याकडे नवीन लोक लक्ष देत नाहीत ते म्हणजे ए३ चं घर. बी४ वर आता आपलं प्यादं नाही, म्हणून काळ्या घरांवरचा आपला उंट ए३ वर जाऊन बसला की ए३ ते एफ८ हा अख्खा कर्ण त्याचा. एफ८ वर आपला मारा असला तर काळ्याला छोटं (राजाच्या बाजूचं) कॅसलिंग करताच येत नाही. माझ्यासाठी हाच इव्हान्सचा गाभा आहे, काळ्याचा राजा मध्येच अडकवून ठेवायचा.

आता काळा उंट कुठे नेतो त्यावर पुढचं सगळं ठरतं. मुख्य जागा तीन, ए५, सी५ आणि ई७. (डी६ वर पण नेतात, त्याला स्टोन-वेअर म्हणतात, ते भक्कम आहे पण डी७ चं प्यादं अडकल्यामुळे काळ्याचा सी८ चा उंट बराच वेळ घरातच राहतो, तिथे डी४, कॅसलिंग, हत्ती ई१, घोडा बीडी२ असं शांतपणे खेळा, घाई नको.)

सगळ्यात जास्त वेळा समोर येईल ते ५... उंट ए५. इथे ६. डी४ खेळा. आधी कॅसलिंग करायचा मोह होतो, तो आवरा, कारण सांगतो. मी सुरुवातीला कायम ६. कॅसलिंग करायचो. एका स्पर्धेत समोरच्याने ६... डी६ ७. डी४ उंट बी६ असं खेळलं, आणि मला दिसलं की प्यादं परत मिळतंय, मी खूश, डी४×ई५ डी६×ई५, वजीर×डी८ घोडा×डी८, घोडा×ई५, झालं प्यादं वसूल. मग शांतपणे पटाकडे बघितलं तर वजीर दोन्ही बाजूंचे गेलेले, हल्ला कुठेच नाही, माझी ए आणि सी प्यादी एकेकटी, आधाराविना, आणि त्याची ए, बी, सी तिन्ही प्यादी एकमेकांना धरून. पुढचे चाळीस चाली मी नुसता सांभाळत बसलो आणि शेवटी सी प्यादं गेलंच. याला लास्करचा बचाव म्हणतात आणि इव्हान्सच्या विरुद्ध तो इतका नावाजलेला आहे तो याच कारणाने. काळा प्यादं आनंदाने परत देतो आणि आपल्याकडून वजीर काढून घेतो. म्हणून नियमच करून टाका, प्यादं परत मिळतंय म्हणून वजिरांची अदलाबदल करायची नाही.

६. डी४ आधी खेळल्यावर काळ्याने ६... डी६ केलं तर लगेच ७. वजीर बी३. एफ७ वर दोघांचा मारा झाला, काळ्याला वजीर हलवायलाच लागतो. ७... वजीर ई७ ही चाल बघायला अगदी साधी वाटते पण चूक आहे, कारण ८. डी५ आणि सी६ चा घोडा कुठेही गेला की ९. वजीर ए४ शह, राजाला शह आणि ए५ च्या उंटावर पण मारा, उंट गेला. डी४ वर घोडा टाकून बघतात लोक, तर घोडा×डी४ ई५×डी४ आणि मग तोच वजीर ए४ शह. हे एकदा पटावर करून बघा, ए४ चा हा शह इव्हान्समध्ये परत परत येतो. बरोबर चाल आहे ७... वजीर डी७, मग ८. डी४×ई५. आता ८... डी६×ई५ घेतलं तर कॅसलिंग, आणि पुढे डी१ वर हत्ती येऊन वजिराला हाकलणार. ८... उंट बी६ हे काळ्यासाठी जास्त चांगलं, तिथे ९. घोडा बीडी२ खेळा, म्हणजे काळ्याने घोडा ए५ वर आणून वजीर आणि उंट दोघांवर हल्ला केला तरी वजीर बाजूला जातो आणि सी४ वर मारलं तर आपला घोडा परत मारायला तयार असतो. डाव साधारण बरोबरीचा, पण वजीर पटावर आहेत, आणि तेच हवंय.

आता ६... ई५×डी४. इथे हात शिवशिवतो सी३×डी४ घ्यायला, पण घेताच येत नाही कारण ए५ च्या उंटाने सी३ चं प्यादं राजासमोर अडकवलंय, पिन आहे, म्हणजे ते हललं तर राजालाच शह बसेल. म्हणून ७. कॅसलिंग. आता पिन गेली, राजा सुरक्षित, हत्ती ई फाइलवर, म्हणजे ई च्या उभ्या रांगेत, यायला मोकळा.

इथून काळ्याने ७... डी४×सी३ असं अजून एक प्यादं खाल्लं तर घाबरू नका, तुम्हाला हेच पाहिजे होतं. ८. वजीर बी३. पुढे ८... वजीर एफ६ ९. ई५ आणि जर त्याने लोभाने ९... घोडा×ई५ केलं तर १०. हत्ती ई१, घोडा आता राजासमोर पिन झाला, १०... डी६ ने त्याला आधार दिला तर ११. वजीर बी५ शह आणि परत ए५ चा उंट गेला, घोडा सी६ वर परतून मध्ये येऊ शकत नाही कारण तो पिन आहे. काळ्याने ९... वजीर जी६ खेळलं तर घोडा×सी३ आणि मग उंट ए३. दोन प्यादी कमी आहेत आपली, पण आपले सगळे मोहरे बाहेर आणि त्याचा राजा मध्ये.

ही कल्पना किती जोरात चालते ते बघायचं असेल तर बॉबी फिशरचा रूबेन फाइनविरुद्धचा १९६३ चा न्यूयॉर्कमधला डाव, मैत्रीचाच डाव होता तो, फक्त १७ चाली. फाइन म्हणजे कोणी साधा खेळाडू नव्हता, एकेकाळी जगातल्या सगळ्यात बलाढ्य खेळाडूंपैकी एक. मी हा डाव किती वेळा मांडलाय त्याची मोजदाद नाही. वरच्याच चाली, ७... डी४×सी३ ८. वजीर बी३ वजीर ई७ ९. घोडा×सी३ घोडा एफ६ आणि इथे १०. घोडा डी५! वजिरावर हल्ला. १०... घोडा×डी५ ११. ई४×डी५. आता बघा काय झालं, ई फाइल उघडली, आणि आपलंच प्यादं सी६ च्या घोड्यावर धावून गेलं. ११... घोडा ई५ १२. घोडा×ई५ वजीर×ई५ १३. उंट बी२, परत वजिरावर हल्ला, आणि उंटाच्या कर्णावर जी७. प्रत्येक चालीत काहीतरी धमकी आहे, काळ्याला कॅसलिंगसाठी एक श्वास मिळत नाही. १३... वजीर जी५, जी७ सांभाळायला. १४. एच४! अजून एक प्यादं, फक्त वजिराला जी फाइलवरून ओढायला. १४... वजीर×एच४ १५. उंट×जी७ हत्ती जी८ १६. हत्ती एफई१ शह, राजा डी८ आणि १७. वजीर जी३!! फाइनने डाव सोडला. वजिराने वजीर मारला तर उंट एफ६ आणि मात, कारण ई८ आपल्या हत्तीच्या ताब्यात आणि बाकीची घरं त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली. हत्तीने जी७ चा उंट मारला तर वजीर×एच४ शहासकट आणि वजीर गेला.

मोजून बघा, या डावात पांढऱ्याने प्यादी किती दिली आणि त्यातलं एकही परत मिळवायची घाई केली नाही.

पण खरा जाणकार प्रतिस्पर्धी ७... डी४×सी३ घेणार नाही. तो ७... घोडा जीई७ खेळेल, लवकर डी५ करायला. इथे ८. सी३×डी४ डी५ ९. ई४×डी५ घोडा×डी५ १०. उंट ए३. बघा परत तोच उंट, एफ८ बंद, राजा अडकला. १०... उंट ई६ आला की ११. उंट बी५, सी६ च्या घोड्याला राजासमोर बांधलं. काळ्याने नीट खेळलं तर तो निभावून जातो, खोटं कशाला सांगू, पण घड्याळ चालू असताना प्रत्येक चाल नीट शोधणं सोपं नसतं.

५... उंट सी५ असेल तर ६. डी४ ई५×डी४ आणि इथेही ७. कॅसलिंगच. ७. सी३×डी४ लगेच घेतलं तर उंट बी४ वरून शह देतो आणि आपला सगळा ओघ तुटतो. कॅसलिंगनंतर ७... डी६ ८. सी३×डी४ उंट बी६ ही जुनी प्रसिद्ध स्थिती, ए५ वरून पण इथेच येता येतं. चिगोरिन आणि श्टाइनिट्झ यांच्या १८८९ च्या हवानातल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात चिगोरिन पांढऱ्याकडून पुन्हा पुन्हा इव्हान्सच खेळला, इतका त्याचा यावर जीव होता. ९. घोडा सी३ खेळा. काळ्याने सहज म्हणून ९... घोडा एफ६ केलं तर १०. ई५! डी६×ई५ ११. उंट ए३, अजून एक प्यादं दिलं पण कॅसलिंग बंद. दरवेळी ए३ वरच येऊन थांबतो आपण, म्हणून सुरुवातीला एवढं लिहिलं त्याबद्दल.

५... उंट ई७ हे दिसायला भित्रं वाटतं पण त्यात राजाजवळ रखवालदार राहतो. ६. डी४ घोडा ए५ आणि इथे ७. उंट ई२. हा मार्ग कास्पारोव्हने १९९५ मध्ये रीगाला, ताल स्मृती स्पर्धेत, विश्वनाथन आनंदविरुद्ध वापरला. इतक्या वरच्या पातळीवर तेव्हा इव्हान्स कोणी खेळेल असं वाटत नव्हतं. ७... ई५×डी४ ८. वजीर×डी४! प्याद्याने नाही, वजिराने मारलं, कारण वजीर एकदम मैदानात येतो आणि जी७ कडे बघतो. ८... घोडा एफ६ ९. ई५ घोडा सी६ १०. वजीर एच४ घोडा डी५ ११. वजीर जी३. पुढे पंधराव्या चालीला कास्पारोव्हने उंट एच६ वर टाकला, आणि का? एफ८ बंद करायला. इथे उंट ए३ वरून नाही तर एच६ वरून आला, काम तेच. आनंदचा राजा कॅसल झालाच नाही आणि २५ चालींत डाव संपला. १८५२ चा अँडरसन विरुद्ध ड्युफ्रेनचा बर्लिनमधला प्रसिद्ध डाव पण इव्हान्सच, तिथेही काळ्याचा राजा कॅसल न होता एफ८ वरच मात झाला. तीन डाव, तीन वेगळे काळ, आणि तिन्हीत राजा मध्येच.

काळ्याने गॅम्बिट घेतलाच नाही तर? ४... उंट बी६ हे भरपूर जण खेळतात. मग ५. ए४, धमकी ए५ ची, उंटाला कोंडायची. साधारण ५... ए६ येतं. इथे मात्र हल्ल्याचा हट्ट सोडा, आपण काही दिलेलं नाही तर घाईही नाही, सी३, डी३, कॅसलिंग, आपल्याला वजिराच्या बाजूला थोडी जागा जास्त मिळालीय तेवढ्यावर शांत खेळा. आणि ४... घोडा×बी४ केलं तर ५. सी३ घोडा सी६ ६. डी४, हे फिरून उंट सी५ च्याच स्थितीत येतं.

तिसऱ्या चालीला काळ्याने उंटाऐवजी घोडा एफ६ काढला तर इव्हान्स होणारच नाही, तिथे जबरदस्तीने बी४ टाकू नका, ते प्यादं असंच जाईल, सी५ वर उंटच नाही म्हणून बी४ ने त्याच्यावर हल्ला होत नाही. तिथे डी४ किंवा घोडा जी५ यातलं एक वेगळं तयार ठेवा.

आता चुका, ज्या मी केल्या आणि ज्या रोज ऑनलाइन बघतो. पहिली आणि सगळ्यात मोठी, आठव्या-नवव्या चालीला उंट×एफ७ शह टाकून देणं, मागे आधाराला काही नसताना. राजा उंट मारतो, एक-दोन शह होतात आणि मग आपल्याकडे मोहराच उरत नाही. एफ७ वर मारायच्या आधी मोजा, किती मोहरे तिथे पोहोचू शकतात, दोनापेक्षा कमी असतील तर थांबा. दुसरी, बी१ चा घोडा आणि ए१ चा हत्ती विसरणं. वजीर आणि उंट पुढे नाचत असतात आणि हे दोघं बारा चालींनंतरही घरात, मग हल्ला दोन मोहऱ्यांचाच राहतो. फिशरच्या डावात बघा, नवव्या चालीला घोडा सी३, दहाव्याला डी५, तेराव्याला उंट बी२, सोळाव्याला एफ१ चा हत्ती, एकामागून एक मोहरे कामाला लागले. तिसरी चूक मनाची आहे, तीन-चार चालींत काही झालं नाही की धीर सुटतो आणि आपण प्यादं परत मिळवायच्या मागे लागतो, मग लास्करसारखं होतं.

चाल शोधताना मी स्वतःला दोनच प्रश्न विचारतो. ही चाल त्याला कॅसलिंगपासून रोखते का? नसेल तर, या चालीने माझा नवीन मोहरा कामाला लागतो का? दोन्हीला नाही असेल तर ती चाल नको.

आणि त्याने कॅसलिंग केलंच, हल्ला ओसरला, असंही होतं. तेव्हाही मध्यभागाची प्यादी तुमची आहेत, डी५ किंवा ई५ करून जागा घ्या, बी फाइलवर हत्ती आणून बी७ वर दबाव ठेवा, अर्ध्या-उघड्या फाइलचा (जिथे आपलं प्यादं नाही, त्याचं आहे) फायदा शेवटपर्यंत राहतो. काळ्याच्या वजिराच्या बाजूचे मोहरे बहुतेक वेळा अजून घरातच असतात.

सरावासाठी एक पद्धत मला फार उपयोगी पडली, एखाद्या मित्राबरोबर ५. सी३ नंतरच्या स्थितीपासून डाव सुरू करायचे, दहा मिनिटांचे, एकदा पांढरा एकदा काळा. काळ्याकडून खेळल्याशिवाय कळत नाही की ए३ चा उंट किती त्रास देतो आणि कुठली चाल सापडत नाही. प्रत्येक डावानंतर वहीत एवढंच लिहायचं, काळ्याने कितव्या चालीला कॅसलिंग केलं. आठवी, नववी असं लिहिलं जात असेल तर तुम्ही कुठेतरी एक चाल वाया घालवताय, मागे जाऊन ती शोधा, बहुतेक वेळा ती सातव्या ते दहाव्या चालीच्या मध्येच सापडते.